पंचावन्न डॉक्टरणींचा अर्ज

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलताना जिथे मी अडखळले तेवढं काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं आहे.

गेल्या आठवड्यात एक व्हॉइस नोट आली. पाठवणारी मुलगी इंटर्नशिप करतेय, नाईट ड्यूटी संपवून लोकलमध्ये बसली होती, मागे अनाउन्समेंट ऐकू येत होती. तिचा प्रश्न असा: "ताई, बाहेरच्या देशात नवीन डॉक्टरांना आरोग्याचे कायदे, धोरणं यात भाग घेता यावा म्हणून स्कॉलरशिप देतात म्हणे. आपल्याकडे असं कधी झालंय का? आमचे सर म्हणतात, पेशंट बघ, नसत्या भानगडीत पडू नकोस."

बाहेरचं म्हणशील तर खरं आहे. अमेरिकेत रॉबर्ट वूड जॉन्सन फाउंडेशनने १९७० च्या दशकापासून तरुण डॉक्टरांसाठी अशी स्कॉलरशिप चालवली. डॉक्टरकी शिकून झाली की दोन वर्षं आकडेवारी, अर्थशास्त्र, कायदा, सरकार कसं चालतं हे सगळं शिकायचं. त्या दोन वर्षांचा खर्च फाउंडेशनचा.

पण तुझा खरा प्रश्न होता 'आपल्याकडे' काय. आपल्याकडे या नावाने काही नव्हतं, पण काम मात्र झालं होतं आणि तेही मुंबईत, सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी. त्या गोष्टीची सुरुवात होते एका न मिळालेल्या स्कॉलरशिपपासून. त्यासाठी आधी स्कॉटलंडला जावं लागेल. चला.

साल १८६९. एडिंबरा विद्यापीठात काही बायकांनी मेडिकलला प्रवेश मिळवला. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच घडत होतं. त्यांच्या पुढारी सोफिया जेक्स-ब्लेक, आणि सोबत चोवीस वर्षांच्या एडिथ पीची. एडिथचं नाव लक्षात ठेवा, पुढे त्या आपल्या गिरगाव-भायखळ्याच्या गल्ल्यांत येणार आहेत. विद्यापीठाने प्रवेश तर दिला, पण वर्ग वेगळे. पुरुषांसोबत बसायचं नाही. तेच प्राध्यापक तोच धडा दुसऱ्या वेळेला बायकांना शिकवणार, आणि फी अर्थातच जास्त.

१८७० मध्ये केमिस्ट्रीची परीक्षा झाली. पहिल्यांदा परीक्षेला बसलेल्यांमध्ये सगळ्यात जास्त मार्क एडिथना मिळाले. नियमाप्रमाणे वरच्या विद्यार्थ्यांना 'होप स्कॉलरशिप' मिळायची. प्राध्यापक क्रम ब्राऊन यांनी एडिथना वगळलं आणि ती खालच्या मुलांना देऊन टाकली. कारण काय दिलं? तर म्हणे, या बाई वेगळ्या वर्गात शिकल्या, त्यामुळे त्या 'वर्गाच्या' विद्यार्थिनीच नाहीत. म्हणजे वेगळं बसवणारे तुम्ही आणि वेगळं बसली म्हणून कापणारेही तुम्हीच.

आता यातली गंमत ऐका. ही स्कॉलरशिप सुरू केली होती प्रोफेसर होप यांनी, त्याआधी चाळीसेक वर्षं. पैसे कुठून आणले? त्यांनी केमिस्ट्रीवर खास स्त्रियांसाठी व्याख्यानं दिली होती, त्यांच्या तिकिटांतून! बायकांच्या पैशातून उभी राहिलेली स्कॉलरशिप पहिली आलेल्या बाईला मिळाली नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवून दोन मिनिटं नुसती हसत होते, आणि मग हसू थांबलं.

त्या निर्णयावर ब्रिटनभरच्या वर्तमानपत्रांनी टीका केली. ज्यांना बायकांच्या मेडिकल शिक्षणात काडीचा रस नव्हता त्यांनाही यातला अन्याय कळला, कारण मार्क सगळ्यांना कळतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या विद्यार्थिनी अॅनाटॉमीच्या परीक्षेला गेल्या तेव्हा सर्जन्स हॉलच्या दारात जमावाने त्यांच्यावर चिखल फेकला. शेवटी एडिंबराने त्यांना पदवी दिलीच नाही. मग जेक्स-ब्लेक लंडनला गेल्या, १८७४ मध्ये तिथे स्त्रियांसाठी मेडिकल कॉलेज काढलं, आणि १८७६ मध्ये पार्लमेंटने कायदा केला की परीक्षा घेणाऱ्या संस्थांना हवं तर त्या बायकांना पदवी आणि परवाना देऊ शकतात. एडिथनी १८७७ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातून एमडी केलं, डब्लिनहून परवाना मिळवला आणि लीड्समध्ये दवाखाना थाटला.

म्हणजे बघा, पुढे बायकांच्या बाजूने कायदा बदलायला ज्या आरडाओरड्याचा उपयोग झाला त्यातला मोठा भाग एका स्कॉलरशिपच्या अन्यायामुळे झाला होता. एडिथ ते विसरल्या नाहीत, असं त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे बघून मला वाटतं.

आता मुंबई.

१८८० च्या दशकातली मुंबई डोळ्यांसमोर आणा. गिरण्या, गोदी, ट्रामला जुंपलेले घोडे. हॉस्पिटलं होती, पण पुरुष डॉक्टरकडे जाणार नाहीत अशा बायका हजारोंनी होत्या. घरात मेल्या तरी चालेल, पण परपुरुषाने नाडी बघायची नाही. जॉर्ज किट्रेज नावाचे एक अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली हे पारशी समाजसुधारक, या दोघांनी एक फंड काढला. उद्देश साधा होता: बाई डॉक्टर बाहेरून आणायची, तिचा पगार वर्गणीतून द्यायचा, आणि इथल्या मुलींसाठी मेडिकलचं दार उघडायचं. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी हॉस्पिटलसाठी पैसे दिले. तेच आजचं कामा हॉस्पिटल, सीएसएमटीहून चालत पाच-सात मिनिटांवर. १८८३ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजने मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी एडिथ पीची बोटीतून मुंबईत उतरल्या.

त्यांचं इथलं काम हा एका वेगळ्या भागाचा विषय आहे, पण थोडक्यात सांगते. त्या हिंदी शिकल्या. पुरुष डॉक्टरांइतकाच पगार बायकांना मिळाला पाहिजे म्हणून भांडल्या. १८८८ मध्ये त्यांची मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर नेमणूक झाली, बायकांमध्ये पहिलीच. पुढच्या वर्षी त्यांनी हर्बर्ट फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याशी लग्न केलं. हे तेच फिप्सन, ज्यांच्या दुकानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सभा भरायच्या. ही सोसायटी १८८३ मध्ये आठ जणांनी मिळून काढली, त्यात दोन हिंदी माणसं होती. त्यांच्यातले एक होते डॉक्टर सखाराम अर्जुन. ग्रँट मेडिकलमध्ये शिकवायचे, वनस्पतिशास्त्राचे जाणकार.

सखाराम अर्जुन यांच्या घरात एक मुलगी होती. सावत्र मुलगी. तिचं नाव रखमा.

रखमाबाईंची केस तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असणार. २०१७ मध्ये २२ नोव्हेंबरला त्या गुगलच्या डूडलवर झळकल्या होत्या, सिनेमाही आला होता. तरी दोन मिनिटांत सांगते. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न लागलं. रखमाबाई माहेरीच राहिल्या, वाचत-शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजी कोर्टात गेले: माझी बायको माझ्या घरी पाठवा. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं पडलं की जी कधी नांदायलाच आली नाही तिला कोर्टाने ओढून का न्यावं? अपील झालं. १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल फिरवला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला.

लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने या केसमध्ये रखमाबाईंवर जोरदार टीका केली होती. हे सांगितलं की कमेंटमध्ये भांडणं सुरू होतात, म्हणून आधीच बोलते: हे लपवण्यासारखं नाही आणि यावरून सगळे टिळक मोडीत काढण्यासारखंही नाही. पुढे त्यांच्या मुद्द्याकडे पुन्हा यायचंय.

मात्र एक गोष्ट केसच्या गोंधळात मागे राहते. निकाल लागण्याच्या आधी, १८८५ मध्ये, 'टाइम्स ऑफ इंडिया'त दोन पत्रं छापून आली होती. एक बालविवाहावर, दुसरं सक्तीच्या वैधव्यावर. खाली सही 'एक हिंदू स्त्री'. ती रखमाबाईंची होती. वय तेव्हा वीस. म्हणजे बोलायची सवय आधीची होती. नव्हती ती बोलण्याला वजन देणारी गोष्ट. एका बाजूला कोर्ट, शास्त्री, संपादक, आणि दुसऱ्या बाजूला नाव लपवलेली एक मुलगी.

मग त्यांनी ठरवलं की डॉक्टर व्हायचं. त्यासाठी लंडनला जायचं. आणि आता पैसे कोण देणार?

सावत्र वडील १८८५ मध्येच वारले होते. खटल्यात खर्च झालेला. त्या दोन हजारांचं ओझं होतं. एडिथ पीचींनी त्यांना पाठिंबा दिला. एक समिती बनली, मुंबईत आणि इंग्लंडमध्ये वर्गणी गोळा झाली. इंदूरचे शिवाजीराव होळकर यांनी पाचशे रुपये दिले. इंग्लंडमध्ये एव्हा आणि वॉल्टर मॅक्लॅरन या जोडप्याने मदत केली; वॉल्टर पार्लमेंटचे सदस्य होते. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला पोचल्या आणि 'लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन'मध्ये दाखल झाल्या. हो, तेच जेक्स-ब्लेक यांनी काढलेलं कॉलेज. एडिथना एडिंबराने नाकारलं नसतं तर ते कॉलेज त्या वेळी निघालं असतं का, सांगता येत नाही.

आता थोडं थांबू या, कारण पैशाच्या बाबतीत एक फरक समजून घ्यायला हवा. त्या काळात मेडिकल शिकणाऱ्या मुलींना स्कॉलरशिप देणारी सगळ्यात मोठी संस्था वेगळीच होती. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी ती स्थापन केली. लोक तिला डफरिन फंडच म्हणायचे. राणी व्हिक्टोरियाला त्यात रस होता, संस्थानिकांनी देणग्या दिल्या, गावोगावी दवाखाने निघाले. आजही उत्तरेत जुन्या माणसांच्या तोंडी बायकांचं हॉस्पिटल म्हणजे 'डफरिन'. काम मोठं होतं, यात वाद नाही. मात्र फंडाच्या डॉक्टरणींनी धर्मप्रसार करायचा नाही, असा दंडक होता. सगळ्या जातीधर्मांच्या घरांत शिरायचं तर हे शहाणपणाचंच होतं. पण संस्थेच्या डोक्यावर व्हाइसरॉयची बायको बसलेली असताना त्याच व्हाइसरॉयला 'तुमचा कायदा चुकीचा आहे' असं कोण सांगणार? माझं मत विचाराल तर त्या फंडाचा पैसा उपचारापुरता मोकळा होता, बोलण्यापुरता नव्हता.

रखमाबाईंचा पैसा वेगळा होता. ज्यांनी तो दिला त्यांना माहीत होतं की ही मुलगी बोलणारी आहे. ती बोलली म्हणूनच दिला.

आणि त्या बोलल्याच. १८९० च्या सप्टेंबरमध्ये, मेडिकलची विद्यार्थिनी असताना, लंडनच्या 'न्यू रिव्ह्यू' मासिकात त्यांचा लेख आला. विषय होता हिंदुस्थानातले बालविवाह, आणि लेखाचं नावच सांगत होतं की हे ब्रिटिश सरकारला केलेलं आवाहन आहे. या वेळी सही स्वतःच्या नावाची. पाच वर्षांपूर्वी 'एक हिंदू स्त्री', आता रखमाबाई. अभ्यास, डिसेक्शन, थंडी, परीक्षा, हे सगळं सांभाळून. तुझ्या सरांना हे सांग, इंटर्न ताई.

त्याच वेळी लेख लिहायला कारण काय होतं? त्या वर्षी कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची मुलगी मेली. दहा-अकरा वर्षांची. नवरा पस्तिशीचा. संबंधांच्या वेळी झालेल्या जखमेतून रक्तस्राव होऊन ती गेली. कोर्टात नवऱ्यावर बलात्काराचा आरोप टिकणारच नव्हता, कारण कायद्याप्रमाणे संमतीचं वय होतं दहा, आणि ती दहाच्या वर होती. त्याला दुसऱ्या, सौम्य कलमाखाली एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

पारशी पत्रकार बहरामजी मलबारी १८८४ पासून या विषयावर लिहीत होते, त्या वर्षी ते लंडनलाही गेले. ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या प्रार्थना समाजाच्या सभागृहात एडिथ पीची-फिप्सन यांनी हिंदू श्रोत्यांसमोर बालविवाहावर भाषण केलं. आणि मग आला तो अर्ज, ज्याच्या नावाने आजचा भाग आहे.

मोनेल मॅन्सेल नावाच्या एक अमेरिकन मिशनच्या डॉक्टर होत्या. त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांना अर्ज केला आणि त्यावर हिंदुस्थानात काम करणाऱ्या पंचावन्न डॉक्टरणींच्या सह्या घेतल्या. मागणी एक ओळीची: वय दहावरून चौदा करा. आणि सोबत तेरा मुलींची यादी. नावं नाहीत. फक्त वय, काय दुखापत झाली, आणि पुढे काय झालं. नऊ वर्षं. दहा वर्षं. काही त्याहूनही लहान. कोणी उभी राहू शकत नव्हती, कोणी सरपटत दवाखान्यात आली, कोणी वाचली नाही. मी ती यादी वाचून दाखवणार नाही. ज्यांना शोधायची असेल त्यांना सापडेल, पण रात्री झोपायच्या आधी नको.

माझ्या दृष्टीने सगळ्या गोष्टीचं मर्म या यादीत आहे. तोपर्यंत वाद कशावर चालला होता? ऋतुप्राप्ती आणि गर्भाधान यावर धर्मशास्त्र काय म्हणतं, परक्या सरकारला आमच्या घरात शिरायचा अधिकार काय, हिंदू मुलगी किती लवकर वयात येते. शास्त्री बोलत होते, वकील बोलत होते, संपादक बोलत होते. सगळे पुरुष. त्यांच्यापैकी एकानेही ती मुलगी खाटेवर पाहिलेली नव्हती. डॉक्टरणींनी पाहिली होती. पाहायला त्या तिथे पोचू शकल्या याचं कारण कुणीतरी त्यांच्या शिक्षणाचे पैसे भरले होते, कुणी वर्गणीने, कुणी मिशनने, कुणी घरचं सोनं विकून.

९ जानेवारी १८९१ ला सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडलं. आता टिळकांचा मुद्दा. ते म्हणत होते की सुधारणा समाजाने आतून करावी, परक्या सरकारच्या काठीने नाही. सुधारकांनी आधी स्वतःच्या घरापासून सुरुवात करावी. पुण्यात या विधेयकाविरुद्ध रान उठलं. दुसऱ्या बाजूला रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्रांचेच आधार काढून दाखवलं की हा कायदा धर्माविरुद्ध नाही. न्यायमूर्ती तेलंगही कायद्याच्या बाजूने. दोन महिने महाराष्ट्रात लोक दुसऱ्या कशावर बोलतच नव्हते.

१९ मार्च १८९१ ला कायदा झाला. वय किती ठेवलं? बारा.

चौदा मागितले, बारा मिळाले. अर्जातल्या काही मुली बाराच्या आतल्या होत्या, म्हणजे निदान कागदावर तेवढ्यांना संरक्षण आलं. पण कागदावरच. लग्नाच्या वयाला या कायद्याने हातच लावला नाही. लग्न कितीही लहानपणी लावा, फक्त बारापर्यंत थांबा. आणि कोण थांबतंय हे घरात शिरून कोण बघणार? वय सिद्ध करायला जन्माचा दाखलाही नव्हता. फार थोड्या केसेस कोर्टात गेल्या. म्हणून कोणी म्हणालं की हा अर्ज फुकट गेला, तर मी भांडणार नाही. पण पूर्ण पटणारही नाही.

या यादीचं पुढे एक विचित्र झालं. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईंनी 'मदर इंडिया' नावाचं पुस्तक लिहिलं. हिंदुस्थानी लोक स्वराज्याच्या लायकीचे कसे नाहीत, हे दाखवणारं. त्यात त्यांनी डॉक्टरणींची ही जुनी यादी छापली. गांधीजींनी त्या पुस्तकाला गटार तपासणाऱ्याचा अहवाल म्हटलं. म्हणजे ज्या तेरा मुलींची दुखणी कायदा बदलावा म्हणून लिहिली गेली, तीच आपल्याला हिणवायला वापरली गेली. त्या मुलींना कुणी विचारलं होतं? अर्ज करताना नाही, पुस्तक लिहितानाही नाही. पॉलिसीसाठी पेशंटची माहिती गोळा करणाऱ्या आजच्या डॉक्टरांनी हे लक्षात ठेवायला हवं. एकदा कागद सरकारकडे गेला की तो आपला राहत नाही.

तरी मेयोच्या पुस्तकावरच्या संतापातून उलटा परिणामही झाला. १९२८ मध्ये संमतिवयाच्या प्रश्नावर सरकारने समिती नेमली, अध्यक्ष होते आपल्या विदर्भातले सर मोरोपंत जोशी. समितीने गावोगावी साक्षी घेतल्या, त्यात डॉक्टर भरपूर. आणि १९२९ मध्ये सारडा कायदा आला. मुलीच्या लग्नाचं वय चौदा, मुलाचं अठरा. चौदा! पंचावन्न डॉक्टरणींनी १८९० मध्ये मागितलेला आकडा. एकोणचाळीस वर्षं लागली.

या मधल्या काळात पैशाची आणखी एक गोष्ट घडली. मद्रासच्या डॉक्टर मुथुलक्ष्मी रेड्डी १९२५ मध्ये सरकारी स्कॉलरशिपवर लंडनला गेल्या, स्त्रिया आणि मुलांच्या आजारांचं शिक्षण घ्यायला. १९२६ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेतही गेल्या. परत आल्यावर १९२७ मध्ये मद्रासच्या विधान परिषदेत पोचल्या, तिथे उपाध्यक्ष झाल्या, देवदासी प्रथा बंद करण्यासाठी झगडल्या. सरकारने त्यांना पैसे दिले होते दवाखान्यासाठी. त्या थेट सभागृहात जाऊन बसल्या! म्हणजे देणारा काय ठरवतो आणि घेणारा काय करतो, यात नेहमी अंतर असतं. माझ्या डफरिन फंडाबद्दलच्या मतालाही हा चिमटाच आहे, हे मला कळतंय.

आता रखमाबाईंचं पुढे काय झालं ते सांगते आणि थांबते.

१८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. १८९५ मध्ये सुरतेच्या बायकांच्या हॉस्पिटलात रुजू झाल्या. हाताखालच्या पहिल्या वर्षांत गावातल्या बायका बाळंतपणाला हॉस्पिटलात यायला घाबरायच्या, त्यामुळे घरोघरी जायचं काम जास्त. त्याच सुमारास मुंबईत १८९६ ची प्लेगची साथ आली, आणि प्रकृतीमुळे हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या एडिथ पीची-फिप्सन पुन्हा कामाला लागल्या. १९०५ मध्ये एडिथ इंग्लंडला परतल्या आणि तीन वर्षांनी गेल्या. रखमाबाई सुरतेहून पुढे राजकोटला गेल्या. एकूण पस्तीस वर्षं त्यांनी सरळ दवाखान्यात काढली.

१९०४ मध्ये दादाजी भिकाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. ज्याच्याकडे जाण्यापेक्षा तुरुंग बरा म्हणाल्या, त्याच्यासाठी. का? वेगवेगळे लोक वेगवेगळं सांगतात. मला वाटतं, गावातल्या बायका दारात उभ्या राहाव्यात यासाठी दिलेली ती किंमत असेल. पण हे माझं वाटणं झालं.

निवृत्त झाल्यावर, १९२९ च्या सुमारास, त्यांनी पुन्हा लेखणी उचलली. या वेळी पडदा पद्धतीच्या विरोधात. सारडा कायदा आला तेव्हा त्या पासष्टीच्या होत्या. आणि २५ सप्टेंबर १९५५ ला, स्वतंत्र भारतात, त्यांचं निधन झालं. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी मे महिन्यात मंजूर झाला होता. त्यात हिंदू बाईला घटस्फोट मागायचा हक्क मिळाला.

इंटर्न ताई, तुझी पुढची व्हॉइस नोट लोकलमधून नको, झोप झाल्यावर पाठव. आणि तुझ्या वॉर्डात रोज दिसणारी पण कुठल्याही फॉर्मवर न लिहिली जाणारी एक गोष्ट कोणती, ते सांग. पुढच्या भागात त्यावर बोलू.